चिंधी बांधलेली रुई

माझा स्वभाव तापट आहे. लपवण्यात काही अर्थ नाही, गावात कोणालाही विचारा. मी उपकेंद्रात नर्स आहे, आणि लसीकरणाला येणाऱ्या बाया एकमेकींना सांगतात, "सिस्टरची सुई नाई दुखत, तोंड दुखते." अशा बाईला गुडघे टेकून, श्वास रोखून, एखाद्या पतंगाच्या मिशीकडे दहा-दहा मिनिटं बघत बसायचं वेड लागलं. ते लागलं बाबांच्या डोळ्यापायी.

बाबा बसचे कंडक्टर होते. शेलूबाजार, शिरपूर, रिसोड, जिकडची ड्यूटी लागेल तिकडे. शिरपूरच्या यात्रेकरूंनी गच्च भरलेल्या गाडीत कोण तिकीट न काढता खिडकीबाहेर बघत बसलंय, हे त्यांना दारातूनच दिसायचं. त्या नजरेचा त्यांना मोठा तोरा होता. रिटायर झाले आणि शुगरनं नेमकी तीच नजर धरली. उजवा डोळा आधी गेला. डाव्यात मधोमध एक करडा डाग बसला आणि तो पसरत चालला. अकोल्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मग मला बाजूला घेऊन सांगितलं, की हाही डोळा फार दिवस साथ देणार नाही, त्यांना जे दाखवायचं ते दाखवून घ्या. बाबांचे कान मात्र शाबूत. बाहेर आल्यावर म्हणाले, "काय दाखवशीन मंग? ताजमहाल?"

ताजमहाल राहिला बाजूला. एका सकाळी न्हाणीच्या भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "हे काय लागलं वं भितीले? पूस ना." मी फडकं घेऊन गेले, तर तो डाग नव्हताच. मातकट रंगाचा एक पतंग बसला होता, नखाएवढा. माझ्याकडे मोबाईलला चिमट्यासारखं लावायचं एक छोटं भिंग होतं. पोरांच्या अंगावरची पुरळ मोठी करून डॉक्टरांना पाठवता यावी म्हणून घेतलेलं. काय मनात आलं कोण जाणे, ते लावलं, फोटो काढला आणि मोबाईल टीव्हीला जोडला.

मी स्वतःच मागं सरकले. माय वं! आख्खा पडदा भरून एक जनावर बसलं होतं. अंगावर दाट लव, मानेशी पांढरी झालर, मिशा म्हणजे दोन बारीक पिसं. पंख मातकट कुठले, त्यात तांबूस होता, जांभळट होता, कडेला सोनेरी रेघ होती. आणि डोळे! काळेभोर, गोल, थेट आमच्याकडे रोखलेले. एवढं सगळं त्या नखाएवढ्या जागेत होतं आणि मी ते फडक्यानं पुसायला निघाले होते.

बाबा खुर्चीवरून उठले आणि टीव्हीपासून वीतभर अंतरावर जाऊन उभे राहिले. मान तिरपी केली, कारण डागाच्या कडेनं त्यांना बरं दिसायचं.

"अवं, याले तं कोट हाये," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तीस वर्सं बसच्या लाईटखाली मेलेले हे पाखरं म्या सकाळी झाडूनं लोटले. एकदा बी वाकून नाई पाह्यलं."

त्या दिवसापासून रोजचा धंदाच झाला. मी ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आत प्रश्न, "आज काय आनलं?" मग मी शेताच्या धुऱ्यावर, उपकेंद्राच्या कुंपणाशी, तुरीच्या ओळीत वाकून वाकून हिंडायला लागले. टॉर्चचा उजेड किड्याच्या पाठीवर चमकायचा म्हणून त्यावर ड्रेसिंगचा गॉज गुंडाळला, की उजेड कसा मऊ पडतो. हे भिंग मोठं लहरी. किड्याचा डोळा साफ आला तर पाय धूसर, पाय साफ आले तर डोळा गेला. बटणानं काही होत नाही, आपणच गव्हाच्या दाण्याएवढं पुढं-मागं व्हायचं आणि श्वास धरायचा. लोक विचारायचे, "सिस्टर, काय सांडलं?" मी म्हणायची, "अक्कल सांडली, सापडली की सांगते."

पण खरं सांगू? मला लाज वाटायची. चाळीस वर्षं ज्या मातीत राहिले तिथं हे सगळं रोज चालू होतं आणि मला पत्ता नव्हता. चतुराच्या पंखात खिडकीला असतात तशा चौकटी असतात. कपाशीच्या पऱ्हाटीवरच्या लाल ढेकणाच्या पोटावर पांढरे पट्टे असतात, पट्टीनं मारल्यासारखे सरळ. मुंगळा आपल्या मिशा पायानं पुसतो, पाहुण्याकडे निघालेल्या माणसासारखा. बाबा टीव्हीसमोर तिरपी मान करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "कोनासाठी केलं असंन वं एवढं? कोनी पाह्यत तं नाई."

मग एकदा मी रुईवरचं केशरी फुलपाखरू दाखवलं. काळ्या कडांचं, कडेला पांढरे ठिपके असलेलं. बाबांनी ते पाहिलं, पण खूश झाले नाहीत.

"हे झालेलं हाये," ते म्हणाले. "मले होताना पाह्यचं हाये. अळीचं पाखरू होते म्हनतेत. लहानपनी रुईवरच्या अळ्या काडीनं टोचल्या आमी, पन थे कसं होते, कोनी दाखवलं नाई. तेवढं एक दाखव. मंग डोळा गेला तं गेला."

मी म्हटलं, व्हिडिओ काढून आणते, टीव्हीवर बघा. तर चिडले. "जल्माची खबर नको मले. जल्म पाह्यचा हाये. सामोर बसून."

आता आली का पंचाईत! अळ्या सापडायला वेळ लागला नाही, रुई आमच्याकडे पैशाला पासरी. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पहिली अळी मी बरणीत आणली. तिनं पानं खाल्ली, कोष केला, आणि त्यातून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या. दुसऱ्याच किड्यानं आत अंडी घातलेली. बाबा म्हणाले, "तिकीट एकाचं, बसला दुसराच." दुसरा कोष मी फांदीसकट घरी आणला, तो हलवाहलवीत गळून पडला. त्यातून फुलपाखरू निघालं खरं, पण जमिनीवर. लटकायला जागा नाही म्हणून त्याचे पंख उघडलेच नाहीत, चुरगळलेलेच वाळले. ते मी बाबांना दाखवलं नाही. मोरीत जाऊन रडले. तोवर बाबांच्या डोळ्यातला डाग ताटलीएवढा झाला होता, त्यांच्याच शब्दात.

तिसरा कोष सापडला तेव्हा सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. रस्त्याच्या कडेला, आमच्या शेजारच्या काकूंच्या गोठ्यामागं रुईची रांग आहे, तिथं एका पानाखाली तो लटकत होता. हिरवा, मेणासारखा, वरच्या बाजूला काळी रेघ आणि तिच्यावर सोन्याचे ठिपके. रंगानं सोनेरी नव्हेत, सोन्याचे. भिंगातून पाहिलं तर त्यातल्या एका ठिपक्यात माझाच मोबाईल दिसत होता, आणि त्यामागं आभाळ. मी ठरवलं, याला हात लावायचा नाही. वेळ आली की बाबांना इथं खुर्ची टाकून बसवायचं. बारा झुडपं सारखी दिसतात, रोज शोधताना डोळे फुटायची वेळ यायची, म्हणून त्या फांदीला खुणेसाठी जुन्या झंपराची लाल चिंधी बांधली.

इथंच मी माती खाल्ली.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. काकू दर शनिवारी घालतात, तेही माहीत होतं. पण झाडाला बांधलेली लाल चिंधी म्हणजे कोणाचा तरी नवस, ही गोष्ट डोक्यात यायला घरात नवस तर पाहिजे! माझ्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले. आमच्याकडे चिंधी म्हणजे चिंधी.

आणि आमचं त्या मारुतीच्या ओट्याशी एक जुनं प्रकरण होतं. बाबा आठ-नऊ वर्षांचे असताना विटी ओट्यावर जाऊन पडली. ती आणायला ते तीन पायऱ्या चढले, आणि काकूंच्या सासऱ्यांनी त्यांच्या कानाखाली अशी दिली, की तीन दिवस कान वाजत होता. त्याच घरी पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायचे. बाबांनी तेव्हापासून ओट्यावर पाय ठेवला नाही, नोकरीला लागल्यावर कोणी बोलावलं तरी नाही. मी पोलिओचा बूथ त्याच ओट्यावर मांडायची, त्यावरून मला चिडवायचे, "आपलं भांडन देवाशी नाई, ओट्याशी हाये. तू तं फितूर झाली." काकू त्या घरात सून म्हणून नंतर आल्या. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं, पण गावात कोणती गोष्ट लपते?

शुक्रवारी संध्याकाळी कोष काळपट झाला. म्हणजे सकाळी निघणार. मी घरी येऊन सांगितलं तर बाबांनी लगेच वस्तरा काढायला लावला. "उद्या कोनाचा जल्म हाये, दाढी वाढवून कसं जाऊ?" सकाळी सहाला आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, काठी मांडीवर घेऊन ते खुर्चीत तयार बसले होते. मी म्हटलं, आधी पाहून येते.

गेले तर फांदी भुंडी! चिंधी जागेवर आणि पान एकही नाही. देठांतून पांढरा चीक अजून टपकत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काकू अंगणात झाडत होत्या.

"काकू, रुईचे पानं तुमी तोडले काय?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "उजाडायच्या आंधीच तोडले. चिंधी दिसली. म्हटलं, कोनंतरी मारुतीसाठी फांदी राखली. म्हून पह्यलं तिथंच हात घातला. काहून वं?"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. काकूंनी झाडू टाकला. रागावल्या नाहीत, नुसत्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. बाबांच्या डोळ्याचं मी सांगितलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "हार तं चढवला वं माय."

मी पळत मारुतीकडे गेले. शेंदरी मूर्तीच्या गळ्यात पानांचा हार, गुडघ्यापर्यंत. एकेक पान खालून पाहत गेले आणि डाव्या बाजूच्या शेवटच्या पानाखाली तो सापडला. सुई देठातून गेली होती, कोषापासून दोन बोटं लांब. माझ्या जिवात जीव आला. पण आता तो काळपटही राहिला नव्हता. साल काचेसारखी पारदर्शक झाली होती आणि आत घडी घातलेला केशरी पंख स्पष्ट दिसत होता, काळ्या कडेसकट, पांढऱ्या ठिपक्यांसकट. केव्हाही फुटला असता.

घरी येऊन बाबांना एका दमात सांगितलं. त्यांचा चेहरा मिटला.

"ओट्यावर हाये?"

"हो."

"मंग नाई," ते म्हणाले. आणि लगेच उठून उभे राहिले. त्या माणसाला जायचंही नव्हतं आणि राहवतही नव्हतं. मी हात धरला. आम्ही ओट्यापर्यंत गेलो, आणि पायरीपाशी त्यांनी काठी रोवली. "मी इथंच."

पायरीपासून मूर्ती पाच-सहा हातांवर. बाबांना तिथून शेंदराचा एक लाल डाग दिसत असेल, तेवढाच. ते तोंड वर करून उभे होते. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, त्यांचा, त्यांच्या हट्टाचा, आणि त्या कानाखाली मारणाऱ्या म्हाताऱ्याचा, जो केव्हाच मरून गेला होता. म्हटलं, "बाबा, तीनच पायऱ्या हायेत."

"मोजल्या हायेत म्या," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू आमच्या बाजूनं ओट्यावर चढल्या. चढवलेला हार संध्याकाळपर्यंत उतरवत नाहीत. काकूंनी तर जन्मात उतरवला नसेल. त्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, "थांब रे बाप्पा जरासाक," म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी हार वर उचलला. इतका हळू, की एकही पान पानावर घासलं नाही. मग बाजूबाजूनं एकेक पायरी उतरल्या आणि सरळ खाली मातीत बसल्या, हार दोन्ही तळव्यांवर, ते शेवटचं पान बाबांच्या बाजूला लोंबतं.

"कंडक्टर, बसा," त्या म्हणाल्या. "लवकर बसा, हालून राह्यलं थे."

बाबा बसले. काठी सोडून, पांढऱ्या सदऱ्यासकट मातीत बसले. मी गुडघ्यावर आले, भिंग लावलं, मोबाईल कोषासमोर धरला आणि पडदा बाबांच्या नाकासमोर. कोष आता त्यांना मुठीएवढा दिसत होता.

सालीला खालून चीर गेली. आधी एक पाय आला, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तो हवेत चाचपत होता, कशाला धरू, कशाला धरू. मग दुसरा, मग डोकं, आणि मग सगळंच घसरून बाहेर आलं आणि रिकाम्या सालीला धरून लटकलं. पोट फुगलेलं, पंख ओल्या चिंधीसारखे, नखाएवढे. बाबा घाबरले. "मोडलं काय वं?" मी म्हटलं, थांबा. ते पोट आवळायला लागलं आणि पोटातलं पाणी पंखांच्या शिरांत चढायला लागलं. शीर न् शीर भरताना दिसत होती. सुरकुती उलगडायची, तिच्यामागची उलगडायची. सोंड दोन धाग्यांची होती. त्यानं ते दोन धागे गुंडाळून-सोडून, गुंडाळून-सोडून जुळवले आणि त्यांची एक नळी केली. हे सगळं त्याला कोणी शिकवलं? आई पाहिली नाही, बाप पाहिला नाही. मी इतक्या बाळंतपणांना उभी राहिले, पण असं गुपचूप, न रडता, कोणाच्या हाताशिवाय जगात आलेलं मी काही पाहिलं नव्हतं. बाबांच्या डोळ्यांतून, दोन्ही डोळ्यांतून, गेलेल्यातूनही, पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. पुसलं असतं तर तेवढा वेळ दिसलं नसतं.

"होऊन राह्यलं," ते म्हणत होते. "बापा बापा बापा. होऊन राह्यलं."

ऊन वर आलं. चांगला एक तास गेला असेल. मी दोनदा गुडघे बदलले. काकूंचे हात होते तिथंच होते. फुलपाखरू पानावरून चालत त्यांच्या अंगठ्यावर आलं, तिथून बाबांनी पुढं केलेल्या बोटावर. पंख दोनदा उघडले, मिटले. मग ते उठलं आणि मारुतीच्या डोक्यावरून पलीकडच्या सोयाबीनवर गेलं.

मग काकू म्हणाल्या, "आता हा हार पुन्ना चढवू काय?"

"चढवा वयनी," बाबा म्हणाले. "पाखराचा रिकामा खोका तं पाहू द्या तुमच्या देवाले."

काकू हसायला लागल्या, पण त्यांना हात खाली घेता येईनात. खांदे आखडले होते. मी मागं बसून दंड चोळून दिले तेव्हा कुठं सुटले. त्या दिवशी त्या आमच्याकडे चहाला आल्या. कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

थंडी पडेपर्यंत बाबांचा डोळा पुरता गेला. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मी अजूनही संध्याकाळी टीव्ही लावते, ते टीव्हीकडे तोंड करून बसतात आणि मी सांगते, आज काय आणलं. काकू शनिवारी पान तोडण्याआधी प्रत्येक पानाखालून बोट फिरवतात. काही लागलं तर मला हाक मारतात.

परवा मी जुने फोटो काढून टाकत बसले होते. त्या सकाळचा एकच फोटो निघाला, बाकी सगळा वेळ मी मोबाईल बाबांसाठी नुसता धरून होते. तो फोटो काकूंच्या अंगठ्यावर फुलपाखरू असतानाचा. पण माझा हात हलला होता. फुलपाखरू म्हणजे नुसता केशरी धूर. साफ आला होता तो अंगठा. त्याची प्रत्येक भेग, रुईच्या चिकानं पडलेले काळे डाग, नखात अडकलेला शेंदूर, सगळं. मी म्हटलं, "बाबा, हा फोटो पुसते. फुलपाखरू आलंच नाई, काकूचा हातच आला नुसता."

"नोको पुसू," बाबा म्हणाले. "तो हात वरतून पानी ओतनाऱ्या घरचा हाये. तासभर माह्या तोंडासमोर व्हता, आन एकदा बी हालला नाई. तुले वाटते, म्या नुसतं पाखरूच पाहून राह्यलो व्हतो?"